छान प्रश्न आहे, खाली बस!

मराठीच्या बाईंना सगळं मराठी येतं, असा समाजात एक गोड गैरसमज आहे. गणिताच्या सरांना लग्नाच्या पंगतीत कुणी एकोणतीसचा पाढा म्हणायला लावत नाही. भूगोलाच्या सरांना मंडईत अडवून कुणी खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक विचारत नाही. मराठीच्या बाईंची मात्र सुटका नसते. शेजारचे काका जिन्यात गाठून विचारतात, "पत्रिका छापायला टाकतोय. 'आशीर्वाद'च्या 'शी'ला वेलांटी पहिली की दुसरी?" सोसायटीचे सेक्रेटरी फलक लिहिता लिहिता फोन करतात, "'थकबाकीदार'ला जरा गोड शब्द आहे का हो? लोक चिडतात." ही मोठी माणसं सोपी असतात. आवाजात थोडा ठामपणा आणून काहीही सांगितलं, तरी 'तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच' असं म्हणून जातात.

वर्गातली पोरं तशी जात नाहीत.

मी सातवी 'ब'ला मराठी शिकवते. आमची शाळा ठाण्याच्या बरीच पुढे, म्हणजे जिथे माणसाला घर परवडतं तिथे आहे. त्यामुळे वर्गात अर्धा महाराष्ट्र बाकांवर दाटीवाटीनं बसलेला असतो. कुणी वऱ्हाडातलं, कुणी खानदेशातलं, कुणी मालवणकडचं, आणि ज्यांच्या जमिनीवर ही सगळी घरं उभी राहिली ती आगरी पोरं खिडकीशी. प्रत्येकाच्या घरची मराठी वेगळी, पुस्तकातली मराठी त्याहून वेगळी आणि माझी मराठी तास संपेपर्यंत टिकली तर टिकली.

डी.एड.ला असताना बालमानसशास्त्राच्या बाई सांगायच्या, "मुलांच्या जिज्ञासेवर फुंकर घाला." घातली. राख माझ्याच डोळ्यांत गेली.

साध्या समानार्थी शब्दांपासून सुरू झालं. पाणी म्हणजे जल, नीर, उदक, तोय, पय, जीवन. फळ्यावर लिहिलं, पोरांनी वहीत उतरवलं, सगळं सुरळीत. मग वाक्यात उपयोग करायला दिला. पहिल्या वहीत वाक्य होतं, 'माझ्या बाटलीतले जीवन संपले.' दुसऱ्या वहीत, 'आज नळाला जीवन आले नाही, म्हणून आई रडकुंडीला आली.' हे दुसरं वाक्य आमच्या भागात इतकं खरं आहे की लाल शाई उचलायला हात धजेना.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या चष्मेवालीनं हात वर केला. ही मुलगी हात वर करते तेव्हा मी आधी घड्याळाकडे बघते.

"बाई, पय म्हणजे दूध असं मागच्या धड्यात होतं."

"हो. पय म्हणजे दूधही आणि पाणीही."

"दोन्ही एकच?"

"शब्द एकच."

"म्हणून आमचा दूधवाला..."

वर्ग हसला. मी 'गप्प बसा' म्हणाले, पण ते मनापासून नव्हतं, कारण आमचाही दूधवाला तोच आहे.

सूर्याच्या वेळी आणखी गंमत. रवी, भास्कर, दिनकर इथपर्यंत ठीक होतं. यादीत पुढे 'मित्र' आणि 'सविता' होते. 'मित्र' हे सूर्याचं नाव आहे म्हटल्यावर एकानं शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारून "काय रे, कधी उगवलास?" असं विचारलं. आणि एक मुलगी गंभीरपणे म्हणाली, "माझ्या मावशीचं नाव सविता आहे. ती पुरुष आहे?" संस्कृतात सविता पुल्लिंगी आहे, मराठीत तुझी मावशी स्त्रीलिंगी आहे, दोघीही, म्हणजे दोघेही... मी वाक्य मध्येच सोडून दिलं. काही वाक्यं मध्ये सोडूनच पूर्ण होतात.

हाताला 'पाणि' म्हणतात, हे मी सांगायला नको होतं. चाचणीत 'पाणिग्रहण'चा अर्थ विचारला होता. निम्म्या वर्गानं लिहिलं, 'पाणी पिणे'. एकानं सविस्तर लिहिलं, 'लग्नात गेल्यावर आधी पाणी देतात ते.' लग्नाशी संबंध जोडला म्हणून अर्धा मार्क दिला.

विरुद्धार्थी शब्दांत तर मीच पोरांच्या हाती कोलीत दिलं. शब्दाच्या आधी 'अ', 'ना', 'बे' लागला की अर्थ उलटा होतो, असा एक सोपा नियम सांगून टाकला. लायक-नालायक, शिस्त-बेशिस्त, समान-असमान. शेवटच्या बाकावरच्यानं नियम नीट ऐकून घेतला. हा मुलगा एरवी ऐकत नाही. ऐकतो तेव्हा त्याचा हेतू चांगला नसतो.

"बाई, म्हणजे अक्षर काढलं की परत सुलटा होणार?"

"हो."

"मग नाराजचा राज?"

"नाही. राजी."

"अफाटचा फाट? अचाटचा चाट? बेजारचा जार?"

"तसं नसतं रे."

"बेसुमारचा सुमार होतो का?"

"तो होतो. म्हणजे, तसा होत नाही. सुमारचा आता वेगळाच अर्थ..."

"आणि बेरीजचा रीज?"

गणिताच्या सरांचा तास शेजारच्या वर्गात चालू होता. त्यांना बोलावून घ्यावं असं फार वाटलं.

खरी परीक्षा म्हणींच्या तासाला असते. म्हणी ज्यांनी केल्या त्यांच्या अंगणात आड होता, परसात गाढव होतं आणि स्वयंपाकघरात वांगी होती. आमच्या पोरांकडे त्यांतली फक्त वांगी उरली आहेत. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार', असं मी म्हटलं. आड म्हणजे? अरुंद विहीर. पोहरा म्हणजे? पाणी शेंदायचं भांडं. शेंदायचं म्हणजे? दोर लावून वर ओढायचं. कशानं? रहाटानं. रहाट म्हणजे? मी खडू घेऊन फळ्याकडे वळले. आयुष्यात कधी चित्रकलेची इंटरमीजिएट दिली नाही त्याचा पश्चात्ताप तेव्हा झाला. रहाट काढला, दोर काढला, खाली आड काढला. एक मुलगा बराच वेळ निरखून म्हणाला, "ही माझ्या दादाच्या जिममध्ये आहे."

शेवटी चष्मेवालीच मदतीला धावली. "म्हणजे टाकीत नाही तर नळात कुठून येणार. असं सरळ म्हणायचं ना, बाई." सगळ्या वर्गाला एका क्षणात कळलं. रहाट पुसताना मला जरा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी 'इकडे आड तिकडे विहीर' होतं. मीच आदल्या दिवशी आड म्हणजे विहीर असं सांगून बसले होते.

"म्हणजे इकडे विहीर आणि तिकडेपण विहीर?"

"हो, म्हणजे दोन्हीकडून संकट."

"संकट कसं? दोन्हीकडे पाणीच आहे. टँकर मागवायला नको."

ज्या पोरांच्या घरी मार्च लागला की बादल्यांचे नंबर लागतात, त्यांना दोन विहिरींच्या मधे उभं राहण्यात काय संकट आहे, ते मी अजून पटवू शकलेले नाही.

आणि 'काखेत कळसा'. म्हणींची चित्रं काढून आणा, असा गृहपाठ मी उत्साहाच्या भरात दिला होता. एका वहीत पानभर चित्र होतं. धोतर नेसलेला एक माणूस घाम पुसत चाललाय आणि त्याच्या काखेत मंदिराचं अख्खं शिखर, वर सोनेरी स्केचपेननं रंगवलेलं, टोकाला भगवा झेंडासुद्धा. मागे गावकरी काठ्या घेऊन धावतायत. खाली लिहिलं होतं, 'काखेत कळसा, गावाला वळसा (चोर).' कळसा म्हणजे पाण्याची लहान घागर आणि कळस तो वेगळा, हे मी समजावलं. पण त्या चित्रातली गोष्ट मूळ म्हणीपेक्षा जास्त पटण्याजोगी होती. कळस चोरून नेणारा माणूस गावाला वळसा घालूनच जाणार.

एवढा सगळा मारा होत असताना शिक्षकानं करायचं काय? आमच्याकडे काही पिढीजात हत्यारं आहेत. पहिलं, 'छान प्रश्न आहे, खाली बस.' पोराला आपलं कौतुक झाल्यासारखं वाटतं आणि उत्तर मिळालं नाही हे मधल्या सुट्टीपर्यंत लक्षात येत नाही. दुसरं, 'कोण सांगेल?' हे वर्गाकडे बघून दरडावून म्हणायचं, म्हणजे मला येतं पण तुमची परीक्षा घेतेय, असं दिसतं. तिसरं हत्यार अमोघ आहे: 'हा शब्द संस्कृतातून आलाय.' हे जरा खालच्या आवाजात म्हटलं की वर्गात भक्तिभाव पसरतो. संस्कृतात तो कुठून आला, असं विचारायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही. आणि चौथं, 'उद्या सगळ्यांनी शोधून आणा.'

हे चौथं हत्यार पूर्वी फार चालायचं. कुणी काही शोधायचं नाही आणि प्रश्न आपोआप मरायचा. वर ज्यानं विचारला त्याला बाकीचे सुट्टीत बघून घ्यायचे. आता प्रत्येकाच्या घरी मोबाइल आहे आणि काहींच्या घरी आजी. 'नाकी नऊ येणे' यातले नऊ काय, असा प्रश्न आला तेव्हा मी सवयीनं 'शोधून आणा' म्हणाले. दुसऱ्या दिवशी चौघांनी शोधून आणलं. तिघांच्या मोबाइलनी तीन वेगळी उत्तरं दिली होती. चौथ्याच्या आजीनं मात्र पक्कं सांगितलं होतं.

"बाई, शरीराला नऊ दारं असतात. जीव घाबरा झाला की नऊ दारांतला प्राण नाकाशी येतो."

"वा! छान शोधलंस."

"दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या आणि तोंड. पण हे सातच होतात. उरलेली दोन कुठली, ते आजी सांगेना. म्हणाली, बाईंना विचार."

वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पहिल्या बाकावरच्या एकानं मनाशी हिशेब केला, त्याला उत्तर सापडलं आणि तो बाकाखाली गेला. मग एकेक करत सगळा वर्ग बाकाखाली गेला. 'नाकी नऊ येणे'चा वाक्यात उपयोग मी त्या दिवशी स्वतःच केला.

स्टाफरूममध्ये जाऊन कोश काढावा म्हटलं. आमच्या कपाटात दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. त्या मंडळींनी १९३२ ते १९३८ या काळात सात जाडजूड खंड काढले. आमच्या कपाटात त्यांतले पाच आहेत, आणि पोरं जो शब्द विचारतात तो नेमका उरलेल्या दोनांत असतो. त्याच्या शेजारी मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश. हा कंपनी सरकारच्या फौजेतला माणूस. त्यानं १८३१ मध्ये मराठीचा एवढा मोठा कोश छापून घेतला, आणि तेवढ्यावर समाधान न होऊन १८५७ मध्ये, सगळीकडे बंदुका उडत असताना, त्याची वाढीव आवृत्ती आली. मोल्सवर्थला विचारायला हाताशी शास्त्री-पंडित होते. मला भूगोलाचे सर आहेत.

"कशाला एवढ्या खोलात जाता, बाई?" ते डबा उघडत म्हणाले. "परीक्षेत येणार आहे का ते?"

"नाही."

"मग सांगा की, अभ्यासक्रमात नाही म्हणून. परवा एकानं मला विचारलं, कर्कवृत्तात कर्क म्हणजे काय. मी म्हटलं, नकाशा भर."

त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती आहे ती मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर कधी दिसणार नाही.

इतिहासाशी गाठ पडली की पोरांना आणखी चेव येतो. 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार मी फार रंगवून सांगते. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणराव पेशवे, 'धरावे' असा हुकूम आणि आनंदीबाईंनी त्याचं केलेलं 'मारावे', असं म्हणतात. वर्ग चिडीचूप. एका मुलीच्या डोळ्यांत तर पाणी आलं. आता घंटा होऊ दे, असं मनात म्हणतेय तोच शेवटचा बाक उभा राहिला.

"बाई, खोडरबर होतं का तेव्हा?"

"नव्हतं."

"मग 'ध'चा 'मा' करायला खाडाखोड करावी लागली असेल. कानापण वाढवावा लागेल."

"अरे, मोडी लिपीत लिहायचे तेव्हा."

"असू दे. खाडाखोड दिसतेच. तुम्हाला आमची लगेच दिसते. गारद्यांना दिसली नाही?"

मी काही बोलायच्या आत खिडकीकडून उत्तर आलं, "त्यांना वाचता येत नसेल."

"मग चिठ्ठी कशाला लिहिली? तोंडीच सांगायचं."

पुढचा सगळा वेळ वर्गात रीतसर चौकशी आयोग बसला. दोघांनी फळ्यावर येऊन 'धरावे'चं 'मारावे' करून दाखवायचा प्रयत्न केला. एकाचं 'थारावे' झालं, दुसऱ्याचं 'घामरावे'. निष्कर्ष असा निघाला की अक्षर इतकं वाईट असेल तर दोष शाळेचा आहे. अडीचशे वर्षांचं एक गूढ सातवी 'ब'नं माझ्या देखत पार विस्कटून टाकलं, आणि मला अजून कृदन्तं शिकवायची होती.

व्याकरणाचं म्हणाल तर तो वेगळाच बाका प्रसंग. फळ्यावर 'लिंग ओळखा' असं लिहिलं की मागच्या तीन रांगांना अचानक आपल्या बुटांच्या नाड्या फार रम्य वाटू लागतात. हे होणारच, हे मी धरूनच चालते. विज्ञानाच्या बाईंना गांडुळाचा धडा असतो, मला हे असतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून जगतो. पण नाड्या बांधून झाल्यावर जे प्रश्न येतात ते हसण्यावारी नेता येत नाहीत.

"बाई, दात तो, मग दाढ ती का?"

"तसंच आहे."

"आणि मिशी? मिशी बाबांना आहे. मग ती मिशी का? तो मिशा पाहिजे."

"आणि पदर आईचा. पण तो पदर!" दुसरी बाजू सरसावली.

मराठीत निर्जीव वस्तूंचं लिंग रूढीनं ठरतं. मो. के. दामल्यांनी १९११ साली जाडजूड शास्त्रीय व्याकरण लिहिलं, त्यातही या बाबतीत शास्त्रापेक्षा वहिवाटीचाच आधार घ्यावा लागतो. मी एवढंच म्हणाले, "ही रूढी आहे."

"रूढी म्हणजे?"

"सगळे तसं म्हणतात, म्हणून आपणही म्हणायचं."

"पण बाई, सगळे करतात म्हणून आपण करायचं नाही, असं मूल्यशिक्षणाच्या तासाला तुम्हीच सांगितलं होतं."

मूल्यशिक्षणाचा तास मलाच देऊ नका, असं मी मुख्याध्यापकांना जूनमध्येच सांगितलं होतं.

घरच्या मराठीचे खटके वेगळे. एका उताऱ्यात 'आजोबांनी बंडी घातली' असं वाक्य होतं. वऱ्हाडातून नुकत्याच आलेल्या मुलानं विचारलं, "कुठं घातली, बाई? वावरात?" त्याच्याकडे बंडी म्हणजे बैलगाडी. आजोबांनी अंगात बैलगाडी कशी घातली, यावर वर्ग हसून बेजार झाला (जार झाला नाही). मग तो मुलगा पेटला. पेरूला त्यांच्याकडे जांब म्हणतात, कलिंगडाला टरबूज म्हणतात, आणि आमच्या पुस्तकातली मराठीच चुकीची आहे, असं त्यानं ठणकावून सांगितलं. मालवणकडची मुलगी म्हणाली, "जांब वेगळे! ते पांढरे, पाणीदार असतात." मला दोघांनाही बरोबर द्यावं लागलं. तिसरा म्हणाला, "मग परीक्षेत आम्ही काहीही लिहिलं तरी बरोबर?" हा मुलगा पुढे वकील होणार.

त्यातल्या त्यात मला एकदा विजय मिळाला होता. एका मुलीनं पणजोबांचं जुनं पत्र आणलं. 'घरांत', 'कांहीं', 'नाहीं', जिथे तिथे टिंबं. "बाई, यांचे किती मार्क कापाल?" मी ताठ उभी राहिले. अनुस्वारांची ही गर्दी कमी करणारे शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले आणि पत्र त्याआधीचं होतं. पणजोबांना पैकीच्या पैकी. सन, कारण, उत्तर, सगळं माझ्याकडे तयार होतं. वर्ग निराश झाला.

पण सगळेच विजय पचत नाहीत. परकीय शब्द शिकवताना मी मोठ्या हौसेनं वडापावाचं उदाहरण घेतलं. पाव पोर्तुगिजांचा शब्द, बटाटाही त्यांच्याच तोंडून आलेला, बटाटा आणि मिरची ही पिकंसुद्धा त्यांच्याच जहाजांतून आली. पोरांचे चेहरे काळवंडले. "मग वडापावात मराठी काय राहिलं?" एकानं कळवळून विचारलं. "वडा," मी म्हणाले. त्या दिवशी कँटीनमध्ये पाव उरले, असं नंतर कळलं. जाता जाता मी हेही सांगून टाकलं की चावी, घमेलं, लिलाव, तुरुंग आणि पगार हे शब्दही पोर्तुगीजच.

"पगार पण?"

"हो."

"म्हणून तो तुम्हाला उशिरा येतो का, बाई? तिकडून येतो म्हणून?"

हे पोरांना कुणी सांगितलं, याची चौकशी मी केली नाही.

'पादचारी'चा विग्रह मात्र मी टाळायला हवा होता. स्टेशनवर 'पादचारी पूल' अशी पाटी आहे. त्याखालून रोज जाणारी ही पोरं. शेवटच्या बाकानं अत्यंत निष्पाप चेहऱ्यानं विचारलं, "बाई, समास सोडवून दाखवा ना." पाद म्हणजे पाय, पायांनी चालणारा तो पादचारी, असं मी एका दमात, कुठेही न थांबता, कुणाकडेही न बघता म्हणून टाकलं. उपयोग झाला नाही. रात्री पालकांच्या ग्रुपवर एका वडिलांचा निरोप आला: 'मॅडम, आज वर्गात कोणता पाठ झाला? चिरंजीव आल्यापासून चतुष्पाद, बहुपाद असं म्हणून लोळत आहेत.' त्याखाली सतरा पालकांनी हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं टाकली होती. त्यांतले काही माझेच जुने विद्यार्थी. त्यांनीही हाच प्रश्न विचारला होता.

आकड्यांशी माझा काही संबंध नाही, तरी 'हा शब्द आहे, म्हणजे मराठीच्या बाईंना विचार' असं म्हणून गणिताचे सर पोरं माझ्याकडे पाठवतात. साडेतीन, साडेचार, मग साडेएक का नाही? एकोणनव्वद म्हणायचं, मग एकोणशंभर का नाही? २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पोरांना सोपं जावं म्हणून 'वीस एक, वीस दोन' अशी नावं दिली, तेव्हा महाराष्ट्रातले झाडून सगळे मोठे लोक खवळले होते. त्यांतल्या एकानंही साडेएकचं काय ते सांगितलं नाही. असाच एकदा 'लक्षाधीश' माझ्याकडे आला. एकीनं लिहिलं होतं, 'वर्गात सगळ्यात जास्त लक्ष देणारा.' मी चूक देऊन समासात लाल शाईनं लिहिलं, 'लक्ष म्हणजे लाख', आणि सगळ्या वर्गाकडून ते पाच वेळा लिहून घेतलं. अशा कामात मी कसूर करत नाही.

मागच्या महिन्यात शिक्षण विस्तार अधिकारी तपासणीला आले. शाळेला रंग लागला, पोरांनी नखं कापली, मी शेवटच्या बाकाला पहिल्या रांगेत, नजरेच्या टप्प्यात आणून बसवलं. साहेबांनी कविता म्हणून घेतली, वह्या चाळल्या, खूश झाले. मग त्यांनी ते वाक्य उच्चारलं जे अनुभवी माणूस वर्गात कधीच उच्चारत नाही.

"मुलांनो, कुणाला काही शंका?"

चष्मेवालीचा हात वर.

"सर, विस्तार अधिकारी म्हणजे तुम्ही काय विस्तारता?"

साहेब हसले. मग हसायचे थांबले. मग खिडकीबाहेर बघितलं. बावीस वर्षांच्या नोकरीत हे त्यांना कुणी विचारलं नसावं, असं त्यांच्या मुद्रेवरून वाटलं.

"छान," ते म्हणाले. "हे तुम्हाला बाई सांगतील." आणि चहाला निघून गेले.

संध्याकाळी शेरेबुक मुख्याध्यापकांकडे पोचवायला आलं. शिपाई रजेवर होता, म्हणून ते शेवटच्या बाकावरच्याच्या हाती पडलं होतं, आणि तो हाती पडलेलं काहीही वाचल्याशिवाय पुढे देत नाही. साहेबांनी सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'विद्यार्थी चौकस आहेत. मराठीच्या शिक्षिकेने लक्ष द्यावे.'

मुख्याध्यापकांनी चष्मा लावायच्या आधीच तो मला वाचवायला पुढे सरसावला.

"सर, एवढे आत्ता नसतील बाईंकडे," तो म्हणाला. "पोर्तुगालहून पगार आला की देतील."